बिनबाळाचं बाळंतपण

गर्भाशयातला एक छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, काढायला मी सकाळी दवाखान्यात गेले आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साधा कोंब आहे, काळजीचं काही नाही, दोन दिवस आराम करा, जड उचलू नका. "पंखा लावला तर चालेल ना?" मी विचारलं होतं, कारण एप्रिल महिना होता आणि सोलापूर होतं. त्या हसल्या. "खुशाल लावा." त्यांची माझ्या सासूबाईंशी गाठ पडलेली नव्हती.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मंगळवेढ्याकडच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. गावात त्यांनी घरोघरची बाळंतपणं निस्तरलेली. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणं, शेकणं, खाऊपिऊ घालणं यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजाराचे त्या दोनच प्रकार मानतात. कमरेच्या वरचे, त्यांना सुंठ. कमरेच्या खालचे, त्यांना बाळंतपण. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा पंखे बंद होते, खिडक्या लावलेल्या होत्या आणि आत्यांच्या हातात माझ्या नवऱ्याची माकडटोपी होती.

"आत्या, हे बाळंतपण नाही हो."

"पिशवीला हात लागला का न्हाय?"

"लागला, पण..."

"मग? वारं शिरंल. गप टोपी घाल."

इथे एक सांगायला हवं. आम्हाला मूल नाही. लग्नाला वीसएक वर्षं झाली. उपचार झाले, नवस झाले, मग दोन्ही थांबले. या इमारतीत राहायला आलो तेव्हा जिन्यात कुणी ना कुणी विचारायचंच. कधी हसून, कधी टाळून, एकदा तर चांगलीच फटकन बोलून मी ते बंद पाडलं. आत्यांनी मात्र कधीच काही विचारलं नाही, आणि त्यांच्या मनात काय आहे हेही मला कधी कळलं नाही. इमारतीतली ही शांतता मी फार कष्टाने मिळवली होती. आता या बाई ती घालवणार, हे मला त्या टोपीतूनसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पलंगाची अडचण निघाली. आमचा पलंग खाली कप्पे असलेला. त्याच्याखाली शेगडी जाणार कुठून? आत्यांनी कप्पे उघडून पाहिले, आत रजया होत्या. "असला कसला पलंग, बाईमानसाच्या कामाचा न्हाय," म्हणाल्या आणि लेकाला गच्चीवर पाठवलं. आमचा वॉचमन रात्री ज्या बाजेवर पाठ टेकायचा, ती बाज माझ्या पदवीधर नवऱ्याने डोक्यावर घेऊन जिन्याने खाली आणली. मग बादली घेऊन कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेला आणि निखारे घेऊन आला. "अहो, तुम्ही तरी काही बोला की," मी म्हटलं. "बोललो असतो," तो म्हणाला, "पण तुला बरं वाटतंय ना?" या माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नाही.

तर चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, पंखा बंद, डोक्याला टोपी, कानात कापूस, अंगावर शाल आणि बाजेखाली पेटती शेगडी, अशी मी आराम करू लागले. निखाऱ्यांवर आत्यांनी ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. धूर बाजेतून वर आला, माझ्यातून आरपार गेला आणि दाराच्या फटीतून जिन्यात उतरला.

पहिल्यांदा सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. त्यांना वाटलं शॉर्टसर्किट झालं. आत्यांनी दार किलकिलं करून सांगितलं, "बाळंतिणीची धुरी हाय. पुरुषमानसानं आत येऊ न्हाई." सेक्रेटरी आल्या पावली परत गेले आणि ही बातमी त्यांनी, मला वाटतं, प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितली असावी.

संध्याकाळी बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई होत्या आणि त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरची, दोन लेकरांची आई. समोरच्या बाई पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात, यंत्रमागावर सगळं आयुष्य गेलेलं. दोघींनी चपला बाहेर काढल्या, न सांगता न्हाणीत जाऊन हातपाय धुतले आणि आत आल्या. समोरच्या बाईंच्या हातात पिवळं झबलं होतं. त्यांनी बाजेवर पाहिलं, माझ्या कुशीत पाहिलं, मग कपाटाच्या बाजूलाही पाहिलं.

"अय्यो, काचेच्या पेटीत ठेवलंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

माझं डोकंच फिरलं. टोपी काढून मी भिंतीवर फेकली. "बाळ नाही!" मी ओरडले. "बाळ नाहीये! एक कोंब काढलाय. आत्या, सांगा यांना. सगळ्या इमारतीसमोर माझा तमाशा केलात तुम्ही. बाळच नाही तर बाळंतपण कसलं करताय?"

समोरच्या बाईंनी झबलं पदराखाली लपवलं. आत्या माझ्या पायाला तेल लावत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"बाळंतपण बाईचं करत्यात, पोरी," त्या म्हणाल्या. "बाळाला काय, दूध मिळालं की झोपतंय त्ये. इतकी सालं दवाखान्यात सुया टोचून घेतल्यास, दर येळंला पोटात दुखून घरला आलीस आन दुसऱ्या दिवशी हापिसला गेलीस. तुझं अंग कोन शेकलं? मी बी न्हाई शेकलं. मला वाटायचं, हात लावला तर तुला लागंल."

मला रडू आलं. एवढा घाम वाहत होता की कुणाला कळलंही नसेल. इतकी वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावत आले होते.

मग वरच्या मजल्यावरची पुढे आली आणि बाजेच्या कडेला टेकली.

"माझी आई तेव्हा नव्हती हो मावशी," ती आत्यांना म्हणाली. "दोन्ही खेपेला बारसं झालं की लगेच चुलीपुढं उभी राहिले. मला असं कुणी कधी शेकलं नाही."

वीस वर्षं मी हिच्यासारख्या बायकांचा हेवा केला. आणि ही माझ्या पायावरच्या तेलाकडे बघत होती.

आत्यांनी तिच्या पावलाला हात लावला. "गार पडलंय की गं," त्या म्हणाल्या. त्या उकाड्यात ते कसं शक्य होतं, कोण जाणे. "पड हितं."

"आता कुठं, मावशी? पोरं मोठी झाली की माझी."

"मग काय झालं? पड म्हनते न्हवं."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे सरकले आणि तिला जागा करून दिली.