कल्याणअप्पांची पारख

पालमच्या बसस्टँडमागं कल्याणअप्पांचं भुसाराचं दुकान आहे. तिथं ज्वारीचा भाव विचारायला येणाऱ्यांपेक्षा घोड्यांचं विचारायला येणारे जास्त, आणि अप्पांचाही जीव या दुसऱ्या गिऱ्हाइकांतच रमायचा. तागडी हातात तशीच धरून ते भोवऱ्यांचं पुराण सुरू करायचे. घोड्याच्या अंगावर केस जिथं गोल फिरतात तो भोवरा. गळ्याखाली असला तर देवमण, असलं घोडं दारात आलं की घराचं भलं होतं. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, ते घोडं मालकाला रडवल्याशिवाय राहत नाही. कपाळावरचा काय करतो, छातीवरचा काय करतो, सगळं अप्पांना तोंडपाठ. वडील सांगून गेले होते. ते निजामाच्या अमदानीत घोड्यावर बसून गावोगाव धान्य बघायला जायचे, आणि घोड्यावर बसणाऱ्याला घोडं कळतंच असा त्या घराचा पक्का समज होता. बैलगाडीत बसणाऱ्या सगळ्यांना बैल कळतो का, हे कुणी विचारलं नाही.

माळेगावच्या यात्रेत घोडं घ्यायचं तर आसपासचे लोक अप्पांना सोबत न्यायचे. अप्पा आधी हात पाठीमागं बांधून लांबून एक फेरी मारायचे. मग जवळ जाऊन एकेका भोवऱ्यावर बोट ठेवायचे आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे. दात, खूर, श्वास बघणं हे त्यांच्या लेखी किरकोळ माणसांचं काम.

दुसरी विद्या नळीची. घोड्याचं पोट धरलं, ते लोळायला लागलं की अप्पांना बोलावणं यायचं. लिंबाच्या फांदीवरून दोर टाकून घोड्याची मान वर ताणायची, बांबूची नळी तोंडात घालायची आणि गोडंतेल, ओवा, हिंग ओतायचं. घोडं ठसकलं, नाकातून तेल आलं की अप्पा खूश. "लागू पडलं बघा. औषध भिनलं की खोकतंच." बघणारे माना डोलवायचे. कधी कधी घोडं पोटदुखीतून उठायचं आणि थोड्या दिवसांनी तापानं, धापा टाकत मरायचं. मग अप्पा पुन्हा जायचे, आणि त्यांना त्याच्या अंगावर कुठं ना कुठं एक वाईट भोवरा सापडायचा. घोड्याचं अंग काही लहान नसतं. शोधणाऱ्याला सापडतंच.

घोडेवाल्याला घोड्याचं खरोखर किती कळतं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर अप्पांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या स्वतःच्या घोडीचं, गौराचं, पोट धरलं. गौरा म्हणजे अप्पांच्या पारखीचा कळस. गळ्याखाली ठसठशीत देवमण, आणि अंगावर शोधूनही वाईट असा एक भोवरा नाही. घेताना अप्पांनी तिला अर्धा दिवस निरखलं होतं. नीलम्मा, म्हणजे त्यांची बायको, अजून टोमणा मारायच्या, "मला बघायला आलाव तवा पान खाऊन लगेच उठला व्हताव." गावच्या लग्नांत नवरदेव गौरावरच बसायचा. तिचे पाय धुतल्याशिवाय अप्पा दुकान उघडत नव्हते.

अप्पांनी नळी काढली. गौराची मान ताणली, तेल ओतलं. ती ठसकली, जोरात ठसकली, नाकातून तेल बाहेर आलं, आणि अप्पा हसून नीलम्मांना म्हणाले, "झालं. वाचली." पोट खरंच उतरलं. पण दोन दिवसांनी ताप चढला. नाकपुड्या फुलल्या, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होऊ लागल्या. कालची पोरं डॉक्टर होतात, त्यांना काय कळतं, असं अप्पा म्हणत राहिले. शेवटी नीलम्मांनीच फोन करून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सिद्धोधनना बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "अप्पा, तेल फुफ्फुसात गेलंय. मान अशी वर ताणली की घोड्याला नीट गिळता येत नाही. ठसकली तिथंच थांबायला पाहिजे होतं." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. इंजेक्शनं दिली, रोज आले. गौरा गेली.

शेतात खड्डा घेतला, मीठ आणलं. तिला खाली उतरवण्याआधी अप्पांनी माणसांना जरा थांबवलं आणि तिच्या सबंध अंगावरून हात फिरवला. आयाळ उचलून पाहिली, शेपटीचं बूड पाहिलं, काखा पाहिल्या. एकही नव्हता. वाईट म्हणावा असा एकही भोवरा नव्हता. मग ते बाजूला झाले आणि माती लोटा म्हणाले.

रडू येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण ते आलं नाही. दुःख झालं होतं का, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. बधिरल्यासारखं झालं होतं एवढं खरं. जेवण समोर आलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. दुकानात गिऱ्हाइकानं सोयाबीन घातलं की तागडीच्या काट्याकडं बघत राहायचे, आणि गिऱ्हाईकच वजन वाचून सांगायचं. सकाळी सवयीनं बादली भरून गोठ्यात जायचे, आणि रिकाम्या खुंट्याजवळ ती ओतून परत यायचे. नीलम्मा दारातून बघायच्या.

आठवड्याभरानं दत्तराव आले. दत्तराव त्यांचे जुने दोस्त, शेजारीच कापडाचं दुकान. समजूत घालायला आले होते.

"अप्पा, तुमची पारख काय साधी हाय का? पर मानूसच हाव आपण. एखादा भोवरा नजरंतून निसटला असल."

अप्पांनी ते मनात तोलून पाहिलं. निसटला असेल तर पारख खोटी. निसटला नसेल तर भोवरेच खोटे. दोन्हीकडून त्यांचीच पाठ सोलून निघत होती, आणि तेही त्यांना दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकल्यासारखं वाटत होतं.

"अन् तुमच्या शब्दाला वजन केवढं!" दत्तराव रंगात आले. "माणिकरावचंच बघा. नात झाली त्याला, पर बायकोला, कडूबाईला, अजून मांडीवर घिऊ दिलं न्हाई पोरीला. का, तर अप्पांनी सांगितलंय, तिचा हात अवलक्षणी हाय."

"मी असं म्हनलो न्हाई."

म्हणाले नव्हते हे खरं. काही वर्षांपूर्वी माणिकरावांच्या घोड्याला नळी अप्पांनीच पाजली होती, आणि तो ताप येऊन मेला तेव्हा अप्पा बघायला गेले होते. डाव्या डोळ्याखाली केस जरासे वळले होते. भोवरा म्हणावा की नुसती ओल वाळून केस फिरलेत, सांगता येऊ नये असं ते काहीतरी. अप्पांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आसूढाळ हाय. हे घोडं पसंत कुणी केलं?" माणिकरावांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. यात्रेत त्या घोड्यानं कडूबाईच्या पदरात तोंड खुपसलं होतं आणि ती म्हणाली होती, हाच घ्या. अप्पांनी एवढंच विचारलं होतं. बाकीचं घरच्यांनी केलं. तेव्हापासून तिनं कशाला पसंत म्हणायचं नाही. मुलाला, हरिओमला, मुलगी बघायला गेले तेव्हा तिला नेलं नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा ओवाळायला जाऊबाईला बोलावलं. हे अप्पांना ठाऊक होतं. एका लग्नाच्या मांडवात कुणीतरी त्यांच्या पारखीचं कौतुक म्हणूनच ते सांगितलं होतं, आणि त्यांनी मिशांवरून हात फिरवला होता.

त्यांना त्या मिशांवरच्या हाताची लाज वाटली. घोडी गेल्यापासून काही वाटलं असेल तर ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते माणिकरावांच्या गावाला निघाले. वरातीमागून घोडं, असं स्वतःशीच पुटपुटले, पण निघाले.

माणिकरावांनी अप्पांना बघून खुर्ची झटकली, आत चहाची हाळी दिली. कडूबाई ओसरीच्या कडेला तूर पाखडत होती. अप्पा बसले नाहीत.

"माणिकराव, तुमचा घोडा आसूढाळानं न्हाई मेला. माझ्या नळीनं मेला. तेल फुफ्फुसात गेलं त्याच्या. गौरा बी तशीच गेली, डॉक्टरनं सांगितलं."

कडूबाईचं सूप थांबलं.

माणिकरावांनी त्यांना हाताला धरून बसवलं. "अप्पा, लय जीव व्हता तुमचा घोडीवर. अशा वक्ताला मानूस कायबी स्वतःवर घेतंय."

"दुःखानं न्हाई बोलायलो. खरं हाय ते. भोवऱ्यानं कायबी व्हत न्हाई. अन् तुमच्या घोड्याला भोवरा नव्हताच, नुसते केस वळले व्हते. हिचा काय दोष न्हाई त्यात."

"असं कसं? मी माझ्या डोळ्यानं बघितला की. तुमीच बोट ठिवलं व्हतं."

"चुकलो मी."

"तुमी चुकताव व्हय!" माणिकराव हसले, प्रेमानंच हसले. "वडिलांपासूनचं ज्ञान हाय तुमचं. कालची पोरं डॉक्टर व्हत्यात, त्यांना काय कळतंय?"

अप्पांना आपलंच वाक्य परत मिळालं होतं. त्यांनी अजून एकदा सांगून पाहिलं, मग आणखी एकदा. पालथ्या घड्यावर पाणी. दोष देताना त्यांचा एक शब्द पुरला होता, आणि आता तोच परत घ्यायला शंभर पुरत नव्हते.  

"बरं झालं आलाव," माणिकराव म्हणाले. "नातीच्या टाळूवर दोन भोवरे हायत. काय म्हनत्यात त्याला, बघून सांगा." त्यांनी आत हाक मारली. सून अपेक्षा तान्हीला दुपट्यात घेऊन बाहेर आली. ती ओसरीवर येताच कडूबाई उठली आणि आपण होऊन भिंतीपर्यंत मागं सरली. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

अप्पांनी ते पाहिलं. मग वाकून पोरीच्या टाळूवर बोट ठेवलं. मऊ, विरळ जावळ, त्यात दोन लहानशी वेटोळी. वडिलांनी माणसांच्या भोवऱ्यांचं काही सांगितलं नव्हतं. खरं होतं ते सांगून झालं होतं, आणि ते या घरात कुणाला नको होतं.

"ही पोर आजीची हाय," अप्पा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच जुन्यासारखा वाटला, माळेगावच्या बाजारातला. "दोन भोवऱ्याचं लेकरू आजीच्या मांडीवर वाढलं तर घराला बरकत. आजीपासून तोडलं, तर मग..."

पुढचं त्यांनी सोडून दिलं. अर्धवट सोडलेल्या वाक्याला लोक जास्त भितात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

माणिकरावांचा चेहरा उतरला. "ऐकलंस का गं?" ते बायकोवरच ओरडले. "घे की मग तिला! हुबी काय ऱ्हायलीस?"

कडूबाईनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. खाली बसली, मांडी घातली, आणि अपेक्षानं पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. पोर जरा कुरकुरली आणि गप्प झाली. माणिकराव चहा कुठं अडला ते बघायला आत गेले.

अप्पा चपला घालायला वाकले. कडूबाईची नजर पोरीवरच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, हे बी खोटं व्हतं, म्हून सांगायला पुन्ना येऊ नका."