राणीसाहेबांचे हात

मंडईत मी मटार निवडत होते. शेंग दाबून बघायची आणि मगच पिशवीत टाकायची, ही माझी जुनी सवय. शेजारी पंचविशीतली एक मुलगी बराच वेळ उभी होती. भाजी घेत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. शेवटी म्हणाली, "काकू, तुमचे हात बघू का?"

मी पर्स काखेत घट्ट धरली. "भविष्य बघायचं माझं वय गेलं," म्हटलं.

"तसं नाही हो. आम्ही पिक्चर करतोय. एका राणीसाहेबांच्या शेवटच्या वर्षांवर. हिरॉईनचा चेहरा मेकअपने म्हातारा होतो, पण हात काही केल्या होत नाहीत. तुमचे हात अगदी तसे आहेत."

पासष्ट वर्षांत माझ्या हातांचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. म्हणूनच मला ते खरं वाटेना. तिने राणीसाहेबांचं नाव सांगितलं तेव्हा मात्र मी चमकले. नोकरीची सव्वीस वर्षं मी जुन्या कागदांच्या सरकारी कचेरीत काढली. मोडीतले कागद वाचून बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत उतरवायचे, हे माझं काम. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणतात. या बाईंचा एक अख्खा रुमाल माझ्या हाताखालून गेला होता. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिला फक्त हात हवे होते.

घरी लेकीला सांगितलं. ती खराडीला कंपनीत आहे, फसवणुकीचे सगळे प्रकार तिला पाठ. "आई, ओटीपी मागितला का? आधार कार्डाचा फोटो?"

"हातांचे फोटो काढले."

"हातांचे? त्याचं काय करणार?" ती विचारात पडली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर आली.

खराडीच्या पुढे एका गोदामात महाल उभा केला होता. खांबावर टिचकी मारून पाहिली, प्लायवूड. आत गेल्यावर मला बांगड्या काढायला सांगितल्या. नवरा गेल्यावरही मी दोन बांगड्या ठेवल्या होत्या. त्या रुमालात बांधून लेकीकडे दिल्या आणि म्हटलं, "हातातून सोडू नकोस."

मग मंडईतली ती मुलगी एक कागद घेऊन आली. "काकू, हे बघून बोरूने नुसतं गिरवायचं. अर्थ कळायची गरज नाही."

कागदावर मोडी होती, पण कॉम्प्युटरमधून काढलेली. मोडीत डोक्यावरची रेघ आधी सलग ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहितात. इथे रेघ शब्दागणिक तुटली होती. मी वाचायला लागले. राणीसाहेब इंग्रज साहेबाची क्षमा मागत होत्या. माझं चुकलं, दया करा, असं पानभर. आणि खाली, 'आपली आज्ञाधारक'. शाळेच्या रजेच्या अर्जासारखं!

मी दिग्दर्शकाला गाठलं. तिशीचा, हसतमुख माणूस. "हे पत्र कुठलं?" मी विचारलं.

तो दचकला. "तुम्हाला वाचता येतं?"

"येतं. या बाईंची पत्रं मी पाहिली आहेत. त्या असं लिहीत नाहीत."

"काकू, हा क्लायमॅक्स आहे. प्रेक्षक रडला पाहिजे."

"प्रेक्षकाला रडवा की. त्यांना कशाला रडवता?"

"तुम्ही होतात का तिथे?" त्याने विचारलं. अजून हसतच होता.

"नव्हते. तुम्ही होतात?"

त्याने घड्याळ पाहिलं. "काकू, सगळं मिळून चार सेकंद. प्लीज."

दिवे लागले. राणीसाहेबांच्या पांढऱ्या पदराची किनार माझ्या मनगटावर आणून ठेवली. मी बोरू शाईत बुडवला, एका दमात रेघ ओढली आणि नमुन्यातलं एक अक्षरही लिहिलं नाही. मला आठवत होतं ते पत्र लिहिलं. नजरकैदेत असताना बाईंनी वैद्य मागवला होता, आणि जाता जाता पहारेकऱ्यांना टोमणा मारला होता की माझी पत्रं तुम्ही फोडून वाचता, म्हणून यावेळी अक्षर मोठं काढलं आहे.

"एकदम ऑथेंटिक!" दिग्दर्शक ओरडला.

गाडीत लेकीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "म्हणजे फसवलंस तू त्यांना. आणि तुला तरी नक्की तसंच आठवतंय का? किती वर्षं झाली त्याला!"

ते मनाला लागून राहिलं. आठवड्याने मी जुन्या कचेरीत गेले, रीतसर अर्ज केला, रुमाल बाहेर काढायला लावला. वैद्याचं पत्र होतं. टोमणाही होता, मी लिहिला तसाच. माझा जीव भांड्यात पडला. सहज खालचा कागद उलटला, तर तो साहेबाला लिहिलेला. नदीकाठच्या वाड्यात राहू द्यावं, मागलं विसरून दया करावी. खाली बाईंचा शिक्का. पिक्चरच्या लेखकाने पत्र अगदीच हवेतून आणलं नव्हतं. हा कागद माझ्या नजरेतून कसा सुटला, की तेव्हा मला तो पाहायचाच नव्हता, कोण जाणे.

मग एक गोष्ट खटकली. अक्षर बाईंचं नव्हतं. गोलसर, सावध, कारकुनी अक्षर होतं.

संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. "मी नमुन्यातलं लिहिलं नाही. दुसरंच लिहिलंय. तुमच्या दिग्दर्शकांना सांग, आणि हेही सांग की त्यांचं पत्र मी समजले तेवढं खोटं नव्हतं."

"काकू, थांबा हं," म्हणत तिने फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. "सर म्हणाले, राहू दे. शॉट सुंदर आलाय."

म्हणजे पडद्यावर हिरॉईनच्या आवाजात ऐकू येणार क्षमा, आणि कागदावर दिसणार टोमणा. दिवाळीनंतर पिक्चर लागणार आहे म्हणतात.

मी सध्या दर मंगळवारी कचेरीत जाते. त्या गोलसर अक्षरातली आणखी पाच पत्रं सापडली आहेत, सगळी बाईंच्या नावाने, सगळी नरम. शिक्का कुणाजवळ असायचा, याचा कागद मी शोधते आहे. बाई खरंच थकल्या असतील, तर तसंही असेल. पण तो कारकून काही मला सरळ वाटत नाही.