क्लायमॅक्सवाले सर

दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की सरांना भूक लागायची. दत्ताराम डोळे पुसत घरचं सांगत असायचा आणि हे त्याच्याच ताटातला मासा संपवायचे.

सर केरळचे, तिकडे सिनेमे लिहायचे. पहिले दोन धो धो चालले, पुढचे सगळे आपटले. मग इथे गल्फमधल्या एका गॅरेजमालकाला आमच्यासारख्या कामगारांवर पिक्चर काढायची हुक्की आली आणि त्याने सरांना ‘रिसर्च’साठी मुसफ्फातल्या आमच्या खोलीत आणून टाकलं. अंथरूण आमचं, चहा आमचा. सरांनी काय दिलं? “लाइफ में क्लायमॅक्स नहीं होता भाई, वो मैं देता हूँ,” हे वाक्य, तेही रोज. गोष्ट मात्र झकास सांगायचे. दमून आलेले वेल्डर जेवायचं विसरून ऐकायचे. मीही ऐकायचो, खोटं कशाला बोलू?

दत्ताराम आमच्याच खोलीतला, गुहागरकडचा. वडील अर्धांगवायूने अंथरुणावर, वाचा गेलेली. गावात रेंज जेमतेम, व्हिडिओ कॉल लागत नाही. रविवारी त्याची बायको सासऱ्यांच्या कानाशी फोन धरायची आणि त्यांचा चेहरा बघून उत्तरं सांगायची, “बाबा विचारतायत, उन्हातलं काम सुटलं का?” सरांनी हे पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. आम्हाला वाटलं, माणूस हळवा आहे.

पिक्चर हिंदीतही आला. आम्ही मोबाइलवर बघितला. तोच फोन, तीच सून. शेवटी कळतं की म्हातारा केव्हाच मेलाय. पैसे येत राहावेत म्हणून सून एकटीच बोलतेय. याला म्हणे बक्षीस मिळालं! लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

पुढच्या रविवारी दत्ताराम बायकोला म्हणाला, “बाबांचा आवाज ऐकव ना जरा. कसलाही.”

“तुम्हीपण बघितलात वाटतं तो पिक्चर,” एवढंच ती म्हणाली आणि तिने फोन सासऱ्यांच्या नाकाशी धरला. श्वास ऐकू आला. दत्ताराम “सॉरी, सॉरी” म्हणत राहिला.

मी कोचीला सरांना फोन लावला, सगळं सांगितलं, तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“फिर आगे क्या हुआ?” त्यांनी विचारलं.

मी फोन कट केला. पुढे काय व्हायचंय? दत्ताराम अजूनही दर रविवारी बाबांशी बोलतो. ती फोन त्यांच्या नाकाशी धरते आणि एक शब्द बोलत नाही.