अध्यक्षांचा हुद्दा आणि प्रसादाची यादी

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, म्हणून रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीच्या दहा दिवसांच्या प्रसादाची यादी माझ्याकडे सोपवली. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम. पण एक्सेल सामान्य माणसं वापरतात. मी तीन रविवार घालवून काळ्या पडद्यावर चालणारा प्रोग्रॅम लिहिला. डाव्या रकान्यात दिवस, उजव्यात घरं. न मावणारी ओळ आपोआप मोडून खाली उतरायची. या सोयीचा मला फार अभिमान होता.

चौथा दिवस अध्यक्षकाकांचा. त्यांनी बजावलं, "रिटायर झालो म्हणून काय झालं? 'निवृत्त अधीक्षक अभियंता' पूर्ण लिही, पोट्टी."

लिहिलं. यादी छापून फलकावर लावली, ग्रुपवरही टाकली. संगणकाची यादी म्हटल्यावर कोणी शंका घेतली नाही.

पाचव्या दिवशी आरतीला अध्यक्षांच्या घरच्या काकू आल्या आणि शिऱ्याचं पातेलं माझ्यासमोर आदळलं.

"काल बी मीच, आज बी मीच? काहून?"

मी फलकापाशी धावले. काकांचं नाव चौथ्या दिवसासमोर होतं आणि मोडलेला हुद्दा पाचव्यासमोर. माझ्या हुशार प्रोग्रॅमने उजवा रकाना एक ओळ खाली ढकलला होता. डावा जागचा हलला नव्हता. त्यामुळे पुढचं प्रत्येक घर एकेक दिवस सरकलेलं, आणि सदर बाजारातलं दहावं घर कोऱ्या कागदासमोर.

त्या घरच्या वहिनी मागेच उभ्या होत्या. "मले वाटलं, विसर्जनानंतरचा दिवस दिला. पण बाप्पा गेल्यावर नैवेद्य दाखवू कोणाले?"

काका मात्र खूश. "हुद्द्याले वेगळा दिवस भेटला, त्यात काय बिघडलं?"

"मग हुद्द्यालेच रवा भाजायले सांगायचं होतं," काकू म्हणाल्या. काका आरतीची थाळी शोधायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता घराचं नाव दोन ओळींचं झालं, की दिवसाचा रकानाही एक ओळ थांबायचा. नवी यादी घेऊन मंडळात गेले, तर सचिवांनी पट्टीने रेघा आखून हाताने लिहिलेली यादी आधीच लावलेली. रकाने माझ्यापेक्षा सरळ होते. मी मुकाट्याने तिचाच फोटो ग्रुपवर टाकला.

पाचव्या घराची पाळी काकूंनी भरून काढली होती, त्यामुळे त्या घराला काहीच करावं लागलं नाही. माझ्या प्रोग्रॅमची मनापासून स्तुती केली ती तेवढ्या एका घराने.