अंदाजे नाही

शहर बघायला आलेय असं मी भावोजींना सांगितलं, ते खोटं होतं. मला शहरबिहर काही बघायचं नव्हतं. ताईनं फोनवर रडत रडत बोलावून घेतलं होतं. "एक दिवस यांच्याबरोबर फीर. रस्ता चुकतात का, तेवढं बघ. मला मेलीला काही कळेनासं झालंय." भावोजी चुकले, तर दोघांनी हे शहर सोडायचं आणि माझ्या शिवणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला यायचं, असं आम्ही बहिणींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. आणि आता कशाला लपवू, ते चुकावेत असंच मला वाटत होतं. पन्नाशी उलटली तरी धाकटीला थोरली जवळ हवी असते. निघण्याआधी मी त्या खोल्यांचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते.

भावोजींनी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. दारोदार जायचं, जिन्याखाली नाहीतर मोरीमागे वाकायचं, टॉर्च मारायचा, आकडा दोनदा मोठ्यानं म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी टॉर्च अजून खिशात असतो.

"चला मेव्हणीबाई," सकाळी ते म्हणाले, "शहर दाखवतो. पण माझ्या पद्धतीनं."

त्यांची पद्धत म्हणजे पायाला भिंगरी. बसमधून उतरलो तो चौकच सहा रस्त्यांचा, आणि सहाही रस्त्यांवरची माणसं नेमकी आमच्याच अंगावर येत होती. सिग्नल लाल आहे की हिरवा, याची कुणाला पडलेली नव्हती. एक जण डोक्यावर कपाट घेऊन पळत होता. रस्ता खोदणाऱ्या यंत्राचा आवाज दाढेत जाऊन बसला. जीव मुठीत धरून मी भावोजींची बाही पकडली आणि मनात म्हटलं, या गोंधळात मीच दहा मिनिटांत हरवेन, यांचं काय घेऊन बसलेय.

ते मात्र मान खाली घालून सुसाट. मी एका काचेच्या इमारतीचं नाव विचारलं, तर म्हणे, "नाव माहीत नाही. मीटर मागच्या बाजूला, पत्र्याच्या पेटीत. पेटीत मांजर व्यालेली असते." कापडबाजारात माझा पाय निघेना. अस्तराचे तागे छताला टेकलेले, चेन किलोवर विकायला ठेवलेल्या. दिवसभरात तिथंच काय ते मला थांबावंसं वाटलं. भावोजी म्हणाले, "इथं बारा मीटर, सगळे एकाच भिंतीवर. चल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं अफाट शहर, आणि या माणसानं ते जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच पाहिलं होतं.

एका बोळात तळमजल्यावरच्या म्हातारीनं त्यांना हाक मारली. "मीटरवाले, तुमच्या जागी आलेला तो शहाणा कधी दारात येतच नाही हो. कुठंतरी बसून अंदाजे लिहितो."

भावोजींचा चेहरा उतरला. घर बंद असलं, तर वहीत 'अंदाजे' असं लिहून पुढं जायची मुभा असते, हे त्यांनी मला चालता चालता सांगितलं. बरेच जण चहाच्या टपरीवर बसून अख्खी गल्ली अंदाजे उरकायचे. "मी तीन तीनदा गेलो, पण अंदाजे लिहिलं नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही."

दुपारी एका मोठ्या खड्ड्यापाशी ते थबकले. तिथली चाळ पाडून टाकलेली होती. मी म्हटलं, आता गाडी अडली. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, "पाइप इथूनच वळतो," असं पुटपुटले, आणि पत्र्याच्या कुंपणामागून मला नेमकं हव्या त्या रस्त्यावर काढलं. सहा तास झाले, माझ्या पायांचे तुकडे पडले, आणि हा बाबा एकदा चुकायला तयार नाही. माझे पडदे तिकडे तसेच पडून राहणार, याचा मला राग यायला लागला.

संध्याकाळी परतलो. खोदकामामुळं आमचा बसथांबा थोडा पुढं सरकवलेला होता. उतरून भावोजी चार पावलं चालले आणि उभे राहिले. डावीकडच्या गल्लीत शिरले, परत आले. उजवीकडं पाहिलं. मग खिशातून टॉर्च काढला आणि लख्ख उजेडात एका भिंतीच्या बुडाशी मारून बघायला लागले.

"आमची गल्ली माझ्या वहीत कधीच नव्हती," ते म्हणाले. "आपण राहतो त्या भागाचं काम आपल्याला देत नाहीत. नियमच आहे तसा."

घर समोर होतं. चौथं दार. वरच्या खिडकीत ताईचा पिवळा टॉवेल वाळत होता. मला हवं होतं तेच घडलं होतं, आणि आता ते मला नको होतं. सकाळी मी त्यांची बाही धरली होती. आता माझी बाही त्यांच्या मुठीत होती आणि मूठ घामेजली होती.

"तू ने," ते म्हणाले. मी नेलं.

ताई दारातच उभी होती. भावोजी पाय धुवायला मोरीत गेले, तसं तिनं दबक्या आवाजात विचारलं, "चुकले का गं?"

"मी चुकले," मी मोठ्यानं म्हटलं. "कोपऱ्यावर. त्यांनीच आणलं मला."

ताईनं भिंतीला पाठ टेकली. तिचा चेहरा असा काही सुटला, की मला कळून चुकलं, हिलाही जायचं नव्हतं. सव्वीस वर्षांचं घर होतं तिचं, आणि मी तिकडे पडदे शिवत बसले होते.

भावोजी ओल्या पायांनी बाहेर आले.

"अंदाजे सांगू नकोस तिला," ते मला म्हणाले. रागावले नव्हते. "शहर बघायला आलेला माणूस वर बघतो. तू दिवसभर माझ्याकडे बघत होतीस. का आलीस ते बसमध्येच कळलं मला." मग ते ताईकडं वळले. "चुकलो मी. चौथ्या दारासमोर उभा होतो आणि घर सापडत नव्हतं." ते पुन्हा तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "चुकलो मी."

ताई खालीच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले. कुणीच कुणाला गप्प केलं नाही. भावोजी टॉर्च टॉवेलनं पुसत खुर्चीवर बसले होते.

शेवटी मी दुकानावरच्या दोन खोल्यांचं सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुझ्या घरचा मीटर कुठाय?"

"जिन्याखाली," मी म्हटलं. "डाव्या हाताला."

"डाव्या हाताला, जिन्याखाली," ते म्हणाले. "मग सापडेल मला घर."