ताईची बोटं आणि घरभर सल्लागार

माझी ताई शिवणकाम करते, आणि तिच्या बोटांवर सध्या सगळ्या घराची मालकी आहे. सकाळी तिची मूठ वळत नाही. सुईत दोरा ओवायला दुपार होते, तोवर गिऱ्हाईक दारात उभं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून स्वच्छ सांगितलं, "हा सुजेचा संधिवात आहे. आठवड्यातून एकदा गोळी घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं. थांबलात तर सांधे झिजतील, आणि झिजलेले सांधे परत येत नाहीत."

ताईने गोळ्या आणल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. घाबरली होती. घाबरणारच! पण तिला धीर द्यायचं सोडून आमचा दादा उंटावरून शेळ्या हाकायला बसला. "लिव्हर जातं म्हणे. केस गळतात. एकदा सुरू केलं की सुटका नाही." स्वतः साध्या सर्दीला दोन-दोन डॉक्टर गाठणारा माणूस! वहिनीचं वेगळंच, "वजन कमी करा, सगळं पळेल." ताई काडीसारखी. माझं डोकं सणकलं.

"रक्त कशाला तपासतात मग?" मी ओरडले. "लिव्हरवर लक्ष ठेवायलाच ना?"

"तू गप्प बस," दादा म्हणाला. "आईलाही हेच होतं. घेतली तिने कधी गोळी? काही अडलं तिचं?"

आई कोपऱ्यात बसली होती. ती उठली, दादाच्या सदऱ्याचं वरचं बटण वाकड्या बोटांत धरलं आणि काढायला लागली. बोटं घसरत राहिली. दादा हसला, मग हसायचा थांबला. बटण काही निघालं नाही.

"माझ्या एकाही कपड्याला बटण नाही," आई म्हणाली. "सगळीकडे दाबली की बसणारी चिकटपट्टी आहे. ताईने लावून दिली, गुपचूप. तुला कधी दिसलं? आणि मी गोळी नाकारली नव्हती रे. मला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही. दुखतंय म्हटलं की सगळे म्हणायचे, आई किती सोसते!"

वहिनी चादरीची घडी घालू लागली, घातलेलीच.

ताईने कपाट उघडलं. गोळी काढून जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायली.

"माझ्या बाबतीत," ती दादाला म्हणाली, "असं कौतुक कुणी करायचं नाही."