बिनस्टँडची सायकल

आमच्या शेजारचे इद्रीसभाई मुकादम कतारहून कायमचे घरी आले, तेव्हा सगळ्या शिरगावाला आनंद झाला. तो साधारण पंधरवडाभर टिकला. मग ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवायला लागले. लाकडं अशी रचू नका, पंप असा चालू करू नका. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण मलासुद्धा त्यांनी एकदा फळा कसा पुसावा ते सांगितलं.

खरं दुखणं वेगळं होतं. ते तिकडे कंपनीची गाडी चालवत होते, तेवढ्या वर्षांत त्यांच्या बायकोनं, अजरानं, इथे विहीर खोल करून घेतली, स्लॅब टाकला, लेकीचं, फिजाचं लग्न लावून तिला दापोलीला पाठवली. आता या माणसाला कुठल्या बटणानं कुठला पंखा लागतो हेही माहीत नाही. अजरा त्यांना अजून पाहुण्यांच्या काचेच्या ताटात वाढायची. "वहिनी, मी घरी आलोय की अजून सुट्टीवरच हाय, तेच कळत नाय," असं ते एकदा मला म्हणाले. हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

यावर उपाय म्हणून माणूस देवधर्म करील, नारळाला आळी करील. यांनी गिअरची सायकल घेतली. डोंगरात चालवायची म्हणे, जाड टायरांची, पुढे शॉकॲब्जॉर्बर, चाकाला मोटारसायकलसारखी डिस्क. अजरानं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"कॅरिअर नाय?"

"नसतो."

"स्टँड नाय, घंटी नाय, मडगार्ड नाय. मग दुकानदारानं दिलं काय?"

सायकल व्हरांड्याच्या खांबाला टेकवली गेली, आणि रोज सकाळी अजरा तिला वळसा घालून झाडू मारायला लागली. मारताना काहीतरी पुटपुटायची. ते शब्द मी लिहिणार नाही.

मग हेल्मेट आलं, हातमोजे आले, आणि बुडाला गादी शिवलेली ती तोकडी चड्डी आली. ती पहिल्यांदा दोरीवर वाळत पडली तेव्हा आमची वाडी काही ना काही कारण काढून त्या बाजूनं जाऊन आली. मुकादमांच्या घरचा पुरुष असल्या चड्डीत रस्त्यावर कसा दिसेल? म्हणून इद्रीसभाई वरून लेंगा चढवून निघायचे, पुलाच्या अलीकडे तो काढून पाठीवरच्या पिशवीत कोंबायचे आणि येताना पुन्हा घालायचे. अख्ख्या गावाला हे माहीत होतं. त्यांना वाटे, कुणालाच माहीत नाही.

पण माणूस सुधारला हे खरं. सकाळी आरे-वारेपर्यंत जाऊन यायचा, घामाघूम, गप्प, खूश. लाकडं कशी रचली हे बघायला वेळच उरला नाही. उरलेला दिवस सायकल पुसण्यात जायचा, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कोरं लोखंड आठवडाभरही तग धरत नाही.

आणि मग एका सकाळी वारेच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, तर तो नुसता कोकलला. धरला नाहीच. समोर वळण, खाली समुद्र. इद्रीसभाईंनी शहाणपणानं सायकल डाव्या अंगाच्या करवंदीच्या जाळीत घातली.

टेंपोवाल्यानं त्यांना सायकलसकट आणलं ते आमच्या अंगणात, स्वतःच्या नव्हे. आमचे हे चिमटा घेऊन काटे काढायला बसले. मी खूप बोलले. या वयात काय हे थेर म्हणून बोलले. तर हा माणूस जखमांकडे न बघता चाकाची डिस्क हुंगत होता आणि चेहऱ्यावर ईद असावी तसा आनंद!

"वहिनी, वास घ्या."

मी घेतला. खोबरेल. अजराच्या घरचं, स्वतःच्या नारळाचं, जे ती शेजारणीलासुद्धा जपून वाटीत घालते. आपल्याकडे गंज दिसला की खोबरेल, मग तो कोयता असो, अडकित्ता असो, नाहीतर कुलूप असो. तिनं डिस्कवर गंजाचा डाग बघितला असणार आणि हात फिरवला असणार. डिस्कला तेलाचा थेंब लागला की ब्रेक मेला, हे तिला कुणी सांगितलं होतं?

"म्हणजे तिनं माझ्या वस्तूला आपण होऊन हात लावला," इद्रीसभाई म्हणाले.

"तुमचा जीव जात होता, भाई!"

"तिला सांगू नका. सांगितलंत तर पुन्हा हात लावायची नाय."

घरी त्यांनी कुत्रा आडवा आल्याचं सांगितलं. ब्रेकचे पॅड बदलून आणले. अजरानं चारच दिवसांत पुन्हा तेल लावलं. मग रोजचाच खेळ झाला. पहाटे इद्रीसभाई आमच्या नळावर डिस्क भांड्यांच्या साबणानं धुणार, आणि तरी भरवसा नाही म्हणून चढ चालवत चढणार आणि उतार पायी उतरणार, सायकल हातात धरून. लोक म्हणायला लागले, मुकादमांना उलटी सायकल मिळाली. माझा साबण संपत आला. शेवटी मी सांगून टाकलं, आज तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते.

मी दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे बादली भरत होते, म्हणून ऐकलं. मुद्दाम ऐकलं नाही. बरं, ऐकलं मुद्दाम.

त्यांनी हळूहळू सांगितलं. चेनला तेल चालतं, या चकतीला चालत नाही. अजरानं त्या चकतीवरून एक बोट फिरवलं.

"म्हणजे तवा पडलात ते माझ्यामुळं."

"नाय, नाय. कुत्रा होता."

"कुत्रा काय खोबरेल लावून आलेला?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "एवढी वर्षं फोनवर सगळं ठीक हाय, ठीक हाय म्हणालात. मी पण हिकडून तेच म्हणाले. आता तरी खरं सांगा. दुखलं का?"

इद्रीसभाई व्हरांड्याच्या पायरीवर बसले. ती पण बसली, शेजारी.

"दुखलं," ते म्हणाले. "खूप दुखलं." आणि सांगायला लागले. पण ते करवंदीचं नव्हतं. कतारमधल्या पहिल्या उन्हाळ्यातलं काहीतरी होतं. मी नळ बंद केला, बादली उचलली आणि घरात गेले.